शिकार गेली ते बरंच झालं, पण डोंगर वाचायची विद्या जाऊ नये

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी चोपड्याचा तुमचा जुना वाचक. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, लिहिण्याचा धंदा नाही, त्यामुळे पत्र लांबलं तर सांभाळून घ्या, पण जमलं तर न कापता छापा. दिवाळी तोंडावर आलीय, आता अस्तंब्याच्या यात्रेला हजारो लोक रात्रीचे डोंगर चढतील, नंतर थंडी पडली की तोरणमाळ, पाल, मनुदेवी, पाटणादेवी सगळीकडे पोरांचे ग्रुप निघतील. आणि सगळ्यांच्या हातात फोन. फोनवरचा निळा ठिपका तुम्ही कुठं उभे आहात ते बरोबर सांगतो हो, पण समोर खिंड आहे का कडा आहे हे तो ठिपका सांगत नाही, ते सांगतात कंटूरच्या रेघा, म्हणजे आपण शाळेत ज्याला समोच्च रेषा म्हणायचो त्या, सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या, आणि त्या वाचता येणारा माणूस आपल्याकडे शोधून सापडत नाही.

मला हे वेड लागलं माझ्या आजोबांमुळे. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. स्वातंत्र्याच्या आधी ते पोरगेसे असताना सातपुड्यात हाक्याला जायचे, म्हणजे डबे बडवत, आरडत ओरडत जनावर उठवायचं आणि ते मचाणाच्या पुढ्यात आणायचं, त्याचे रोजाने पैसे मिळायचे. आप्पा सांगायचे की एका साहेबाकडे कापडावर चिकटवलेला नकाशा असायचा, तुकडे तुकडे करून चिकटवलेला, म्हणजे घडी घातली तरी कागद फाटायचा नाही. साहेब तो दगडावर पसरवायचा, पेन्सिलीने एका जागी टिंब द्यायचा आणि म्हणायचा जनावर इथून जाईल. सोबत एक म्हातारा पावरा माग काढणारा होता, त्याने जन्मात नकाशा पाहिलेला नाही, त्याला विचारलं की तोही बोट करायचा समोरच्या डोंगराकडे, आणि जागा तीच निघायची, दोन टेकड्यांमधली खिंड. आप्पांना या गोष्टीचं शेवटपर्यंत नवल वाटायचं की एकाने कागदावरून ओळखलं आणि एकाने पायाने, पण दोघं आले एकाच ठिकाणी.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, कलम 9 मध्ये सरळ बंदी आहे, आणि ते योग्यच झालं, यात माझ्या मनात काही शंका नाही. आजही फास लावणारे आणि शेताच्या कडेला करंट सोडणारे आहेत, त्यांच्यासाठी हे पत्र नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की शिकारीबरोबर डोंगर वाचायची विद्यापण गेली. बाहेरच्या देशांत जिथे शिकारीचा सीझन असतो, लायसन असतं, तिथे शिकारी आजही महिनाभर आधी नकाशा घेऊन बसतात. अमेरिकेत त्यांच्या सरकारी सर्व्हेचे 1:24,000 चे नकाशे आहेत, त्यावर ते आधी खिंडी शोधतात, मग उतारावरचे सपाट टप्पे, मग सोंडा, आणि पाय न टाकता डोंगर निम्मा ओळखून घेतात. आपल्याला गोळी झाडायची नाही, पण जनावर मोजायचं आहे, पाणी अडवायचं आहे, वणवा विझवायचा आहे, चुकलेलं पोरगं शोधायचं आहे, आणि या सगळ्याला तीच विद्या लागते.

नकाशे नाहीत म्हणाल तर तसं नाही. भारतीय सर्वेक्षण विभाग 1767 पासून आहे, देहरादूनला त्यांचं मुख्यालय, आणि 1:50,000 चे त्यांचे टोपोशीट म्हणजे सोनं आहे सोनं. पूर्वी ते मिळवायला खेटे घालावे लागायचे, आता त्यांच्या साईटवर नाव नोंदवलं की पीडीएफ फुकट उतरवता येते. जुन्या नंबराने सांगायचं तर नंदुरबार आणि तोरणमाळ 46 के मध्ये, धुळं 46 एल मध्ये, आमचा चोपडा यावलचा सातपुडा 46 ओ मध्ये. 1:50,000 म्हणजे नकाशावरचे 2 सेंटिमीटर बरोबर जमिनीवरचा 1 किलोमीटर, शाळेतली पट्टी पुरते. तपकिरी रेघा उंचीच्या, एका रेघेपासून दुसरीपर्यंत 20 मीटरचा फरक, प्रत्येक पाचवी रेघ जाड, म्हणजे जाड ते जाड 100 मीटर. जळगाव शहर साधारण 209 मीटरवर आहे आणि अस्तंब्याचं शिखर 1325 वर, म्हणजे मध्ये छप्पन्न रेघा येतात, शेवटची 1320 ची, आणि वरचे 5 मीटर रेघेने कळत नाहीत, ते शिखराच्या आकड्यानेच कळतात.

आता रेघा वाचायच्या कशा. रेघा दाट तर चढ खडा, रेघा विरळ तर पायाला आराम, हे सगळ्यांना माहीत असतं, पण खरी गंमत रेघ जिथे वळते तिथे आहे. रेघेचं टोक मोठ्या आकड्याकडे आत घुसलेलं असेल तर तो नाला, आणि लहान आकड्याकडे बाहेर आलेलं असेल तर ती डोंगराची सोंड. दोघांचा आकार कागदावर सारखाच दिसतो, म्हणून आकडा वाचल्याशिवाय बोलू नये, भलेभले इथे उलटं वाचतात आणि सोंडेवर चढतोय समजून नाल्यात उतरतात. दोन बाजूला दोन गोल वेढे आणि मध्ये रेघा कंबर आवळल्यासारख्या जवळ आल्या तर ती खिंड. उतारावर रेघा दाट दाट येता येता मध्येच एका ठिकाणी मोकळ्या झाल्या आणि परत दाट झाल्या तर तो सपाट टप्पा, दुपारचं जनावर तिथे सावलीला बसतं कारण वरून कोणी येत नाही आणि खालचं सगळं दिसतं.

खिंडीचं तर काय सांगू. जनावर आपल्यासारखंच आहे, उगाच दम घालवत नाही, या दरीतून त्या दरीत जायचं तर सगळ्यात खालची जागा धरतं. म्हणून साहेबाची पेन्सिल आणि पावरा बाबाचं बोट एकाच जागी जायचं, आणि म्हणूनच आज वनखात्याची माणसं कॅमेरा ट्रॅप लावताना खिंड, पायवाट, नाल्याचा संगम अशा जागा बघतात. जागा तीच राहिली, फक्त बंदुकीच्या ऐवजी कॅमेरा आला.

वाऱ्याचं पण असंच. सकाळी ऊन लागलं की उतार तापतो आणि हवा दरीतून वर चढते, संध्याकाळी उलटं, थंड हवा नाल्याने खाली वाहते. बुद्ध पौर्णिमेला पाणवठ्यावर प्राणी मोजायला आम्ही बसतो, त्यात एका वर्षी आमचं मचाण पाणवठ्याच्या वरच्या अंगाला बांधलं होतं, नाल्याच्या डोक्याकडे. दिसायला छान जागा, खालचं सगळं पाणी नजरेत. सूर्य बुडाला आणि अर्ध्या तासात पाठीला गार हवा लागायला लागली, आमचा सगळा वास घेऊन ती सरळ पाण्यावर चालली होती. आठच्या सुमारास एक भेकर आलं, पाण्यापासून वीस पावलांवर थांबलं, नाक वर केलं, एक पाय उचलून तसंच उभं राहिलं आणि मग भुंकत जे पळालं ते रात्रभर त्या बाजूला काही फिरकलं नाही. पूर्ण चांदणं आणि आमचा तक्ता कोरा. सकाळी वनरक्षक दादा म्हणाले पुढच्या वेळी खालच्या अंगाला बांधू. ही गोष्ट नकाशा पाहून घरी बसल्या बसल्या कळली असती, पाणवठा काळ्या रेघेच्या नाल्यावर, नाल्याचं तोंड दक्षिणेला, म्हणजे रात्री हवा उत्तरेकडून येणार, एवढं साधं होतं. काळी रेघ म्हणालो ते यासाठी की टोपोशीटवर बारमाही पाणी निळं दाखवतात आणि कोरडे पडणारे नाले काळे, आपल्या सातपुड्याच्या दक्षिण उतारावर काळेच जास्त, ते पाहून पण माणसाने पाण्याच्या बाटल्या किती घ्यायच्या ते ठरवावं.

आता ज्या गोष्टीसाठी मुद्दाम पत्र लिहायला बसलो ती सांगतो. दोन हिवाळ्यांपूर्वी आम्ही सहा जण आमच्या सातपुड्यातल्या वैजापूरच्या वरच्या अंगाला गेलो होतो, शहरातल्या एका ट्रेकवाल्याच्या भरवशावर, त्याचं नाव घेत नाही, माणूस वाईट नाही पण त्याचा सगळा विश्वास फोनवर. उतरताना साडेचार वाजले, फोनवर गाडीरस्ता सरळ रेघेत दीड किलोमीटर दिसत होता, तो म्हणाला हा नाला धरू, अर्ध्या तासात खाली. आपल्याकडे म्हणतातच ना, पानी जठे जास तठे गाव सापडस. आम्ही पण हेच ऐकत मोठे झालो, सगळ्यांनी माना हलवल्या. सपाटीवर ते शंभर टक्के खरं आहे, तापीकाठी, गिरणाकाठी, पांझराकाठी नाला धरून चाला, गाव येतंच. पण सातपुड्याच्या उतारावर पाणी जिथून जातं तिथून माणूस जाईलच असं नसतं, कारण पाणी उडी मारतं. अर्धा तास दगडांवरून उतरलो आणि नाला संपला, म्हणजे पुढे नुसती हवा होती. कोरडा धबधबा, खाली डोह, कडेला निवडुंग, दोन्ही बाजूला उभ्या भिंती. परत फिरताना एकाचा पाय सुटल्या दगडावर मुरगळला, त्याला दोघांनी खांदा दिला, आणि डिसेंबरचा अंधार तुम्हाला माहीत आहे कसा एकदम पडतो. एकजण रडायला लागला होता, वीस वर्षाचं पोरगं, त्याच्या आईला मी सांगून आणलं होतं की मी आहे सोबत. शेळ्या घेऊन घरी निघालेले एक पावरा भाऊ आमचा आवाज ऐकून आले नसते तर रात्र तिथेच काढायची होती. ते काही बोलले नाहीत, नाल्यातून आम्हाला वर काढलं, पूर्वेकडे चालवत नेलं आणि दहा पंधरा मिनिटांत एका खिंडीतून दुसऱ्या बाजूला उतरवलं, तिथून बैलगाडी जाईल इतकी सोपी वाट होती.

घरी येऊन मी ते टोपोशीट काढलं, प्रिंट मारली आणि भिंग लावून बसलो. सगळं तिथे होतं साहेब. ज्या नाल्याने आम्ही उतरलो त्यावर तीन तपकिरी रेघा एकमेकींना चिकटलेल्या, म्हणजे 40 मीटरच्या वरची उडी, आणि तिथून जेमतेम दीड सेंटिमीटर पूर्वेला ती आवळलेली कंबर, खिंड, आणि त्यातून जाणारी पायवाटेची तुटक रेघ. दीड सेंटिमीटर म्हणजे साडेसातशे मीटर. त्या रात्री मला झोप आली नाही, त्या पोराच्या आईचा चेहरा डोळ्यासमोर येत होता.

एक सावधगिरीची गोष्ट इथेच सांगून टाकतो. रेघा 20 मीटरच्या फरकाने आहेत, म्हणजे 12–15 मीटरचा कडा दोन रेघांच्या मध्ये लपून बसू शकतो, नकाशावर काही दिसणार नाही आणि पडणाऱ्याला तेवढा कडा पुष्कळ झाला. त्यामुळे रेघा विरळ दिसल्या म्हणून डोळे मिटून चालू नये, आणि गावातला माणूस नको म्हणाला तर नकाशा खिशात घालावा.

वेळेचा हिशोब पण याच रेघांनी होतो. नेस्मिथ नावाच्या एका स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 साली एक साधा हिशोब सांगितला, तो अजून चालतो, 5 किलोमीटर चालीला एक तास आणि वर 600 मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे 6 किलोमीटर वाट आणि वाटेत सहा जाड रेघा असतील तर दोन तास बारा मिनिटं. हा तिकडच्या थंड हवेतल्या धडधाकट माणसाचा हिशोब झाला, आपल्या उन्हात, पाठीवर पाणी घेऊन, सोबत पोरंबाळं असतील तर मी सरळ दीडपट धरतो. आम्ही त्या दिवशी सकाळी जाड रेघा मोजल्या असत्या तर साडेचारला वर राहिलोच नसतो.

आणि शिकारीचा विषय निघालाच आहे तर आपल्या शेजारचं अजिंठा आठवा. 1819 साली जॉन स्मिथ नावाचा मद्रास फौजेतला इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीला आला आणि त्याला लेण्याची कमान दिसली. आपण फर्दापूरवरून जातो, लेणी पाहतो, परत येतो, पण समोरच्या व्ह्यू पॉइंटवर उभं राहून पाहिलं की कळतं, वाघूर नदी घोड्याच्या नालेसारखी वळलीय आणि लेणी त्या वळणाच्या कड्यात कोरलीत. नकाशावर तिथे रेघांचा दाट नालच उमटलेला आहे. कोणती जागा कुठून दिसेल हे रेघा सांगतात, आणि शिकारी माणूस नेमका समोरच्या काठावरून बघतो.

लोकांना हे अवघड वाटतं पण आपल्या शेतकऱ्याला कंटूर पायाने माहीत आहे. समतल चर खोदताना ए आकाराची चौकट नाहीतर पाण्याची नळी घेऊन एका उंचीची टिंबं जमिनीवर मारत जातो आपण, आणि त्यावरून चर निघतो. तो चर वरून पाहिला तर ती नकाशावरची रेघच की. साक्री तालुक्यात बारीपाड्याच्या लोकांनी चैत्राम पवार यांच्यासोबत जंगल राखलं, पाणी अडवलं, 2025 ला त्यांना पद्मश्री मिळाली, त्या डोंगराला जाऊन बघा, माती आणि पाणी उताराच्या रेघेने कसं सांभाळलंय. रावेर यावल चोपड्याच्या केळीवाल्याने पण आपल्या टोपोशीटवर एकदा बघावं, सातपुड्याच्या पायथ्याला दाट रेघा एकदम विरळ होतात तो पट्टा कुठे आहे, कारण डोंगरातून आलेलं पाणी तिथल्या दगडगोट्याच्या थरातच जास्त मुरतं आणि पुढे आपल्या विहिरींना येतं.

सातवीच्या भूगोलात समोच्च रेषांचा धडा आहे. माझ्या पोरीला तो शिकवला तेव्हा तिने व्याख्या पाठ केली, पाच मार्क घेतले आणि विसरली. मग मी एका रविवारी पोळ्याच्या बैलांसाठी आणलेली काळी माती उरली होती ती परातीत घेतली, हाताने डोंगर केला, एका बाजूला खडा, एका बाजूला उतरता, मध्ये बोटाने नाला ओढला आणि वर एक खिंड ठेवली. परातीत एक बोट पाणी ओतलं आणि पाण्याची कड जिथे मातीला लागली तिथे तिला काडीने रेघ मारायला सांगितली. मग आणखी एक बोट पाणी, आणखी एक रेघ. असं चार वेळा. पाणी ओतून टाकलं आणि तिला म्हटलं आता वरून बघ. ती बराच वेळ बघत राहिली, मग नाल्यापाशी बोट ठेवून म्हणाली बाबा रेघ इथे आत घुसलीय. बस, एवढंच पाहिजे होतं. त्यानंतर तिला कधी सोंड आणि नाला यात गोंधळ झाला नाही. आता ती अकरावीला आहे, टोपोशीट माझ्यापेक्षा भराभर वाचते.

म्हणून माझ्या दोन मागण्या आहेत. एक शाळांना आणि ग्रामपंचायतींना, की पुस्तकातल्या कुठल्या तरी डोंगराच्या ऐवजी आपल्याच तालुक्याचं टोपोशीट मोठं प्रिंट मारून भिंतीला लावा, फ्लेक्सवर पाचशे हजारात होतं, वाढदिवसाच्या एका बॅनरचे पैसे. पोरांना आपलं गाव, आपला नाला, आजोबाची शेतीची वाट त्यावर शोधू द्या. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत तर यात्रेच्या रस्त्यावर सुद्धा लावा. आणि त्या दिवशी पावरा, भिल्ल, तडवी समाजातल्या जुन्या माणसांना बोलवा, त्यांना खिंडींची, कड्यांची, पाणवठ्यांची जी नावं माहीत आहेत त्यातली कितीतरी छापील नकाशावर नाहीत, ती पोरांच्या हाताने त्यावर लिहून घ्या, ती माणसं आहेत तोवर.

दुसरी मागणी तुम्हाला. रविवारच्या पुरवणीत महिन्यातून एकदा आपल्या खान्देशातल्या एका डोंगराचा टोपोशीटचा तुकडा छापा, शेजारी त्याच जागेचा फोटो, आणि वाचकाला विचारा की खिंड कुठे आहे, नाला कुठून उडी मारतो, पाण्यावर कुठून बसायचं. उत्तर पुढच्या रविवारी. कोडं म्हणून पोरं सोडवतील, बाप पण डोकं घालतील. पहिला तुकडा अस्तंब्याचा छापा, दिवाळीच्या आत छापला तर यात्रेला जाणारे कापून खिशात ठेवतील.

चोपडा तालुक्यातल्या कोणत्याही शाळेने बोलावलं तर मी दुकान बंद ठेवून यायला तयार आहे. परात, माती आणि नकाशाची प्रिंट मी घेऊन येईन, शाळेने फक्त दोन बादल्या पाणी आणि एक तास द्यावा.

आपला नेहमीचा वाचक,
चोपडा, जि. जळगाव